पिवळ्या कुपनांचा रविवार

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर धाकटीनं मला विचारलं, "आजी, बेलआउट म्हणजे काय, माहीत आहे का तुला? शाळेत लिहायचंय आम्हाला." मी म्हटलं, "माहीत आहे. आमच्या इमारतीत बसून आम्ही दोन पाहिले." ती हसली. तिला वाटलं, आजी फिरकी घेते आहे. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि फोन बंद झाला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. निबंधात यातलं किती चालेल, ठाऊक नाही. तुमच्या बाईंना आकडे आणि आलेख हवे असतील तर ते संगणकावर मिळतील. माझ्याकडे आहेत त्या पोळ्या.

तुम्ही डोंबिवलीला आला होतात तेव्हा तळमजल्यावरच्या पोळीभाजी केंद्रात कोणी जायचं यावरून रोज संध्याकाळी भांडायचात, ते आठवत असेल. पुढे काउंटर, मागे ओळीनं तवे आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका. ऑफिसातून थकून आलेली माणसं इथे भाजी घरी करतात आणि पोळ्या विकत घेतात. आमच्यासारखी म्हातारी माणसं दोन्ही विकत घेतात आणि वर बाहेरचं खात नाही असं सांगतात. केंद्राची मालकीण आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि मला काकू म्हणते. तिच्या नवऱ्याची अंबरनाथची नोकरी गेली तेव्हा तिनं घरच्या स्वयंपाकघरातून सुरुवात केली होती. पुढे खालचा गाळा भाड्यानं घेतला, बँकेचं कर्ज काढलं, ते वेळेवर फेडत आणलं. लाटणाऱ्या बायका विठ्ठलवाडीहून, आंबिवलीहून येतात. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्या विठ्ठलवाडीच्या चाळीत राहतात. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला त्यांची सुट्टी ठरलेली असते आणि त्या दिवशी पोळ्या जरा जाड येतात, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

आमच्या गावातली निम्मी माणसं ज्या सहकारी बँकेत पैसे ठेवायची, त्याच बँकेत केंद्राचं खातं होतं. आमचंही होतं. बँकेतली माणसं ओळखीची, घरी पासबुक आणून द्यायची, दिवाळीत उटण्याची पुडी मिळायची. त्या बँकेनं दोन-तीन बड्या बांधकामवाल्यांना नको तेवढी कर्जं दिली होती आणि ती बुडाली हे बरेच दिवस लपवून ठेवलं होतं. एका सकाळी बँकेच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. सगळ्या बँकांवर देखरेख ठेवणारी जी मोठी बँक आहे, तिनं निर्बंध घातले होते. प्रत्येक खातेदाराला ठरावीक रक्कम काढता येणार होती, आणि ती इतकी थोडी की घरचा किराणा आणि औषधं कशीबशी भागावीत. बाकीचे पैसे आत. कधी मिळतील, कोणी सांगेना.

तुमचे आजोबा रोज तिथे जाऊन बंद जाळीच्या दाराकडे पाहून परत यायचे. मी विचारायची, "काही कळलं?" ते म्हणायचे, "दार तेच आहे." आमचं पेन्शन दुसऱ्या बँकेत येत होतं, त्यामुळे आम्ही निभावलं असतं. मालकिणीचं तसं नव्हतं. पिठाचे, गॅसचे, भाड्याचे आणि बायकांच्या पगाराचे सगळे पैसे त्याच खात्यात होते. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येऊन बसली. चहा पुढे केला तर तिनं कप हातात घेऊन तसाच ठेवला.

"काकू, बंद करू का केंद्र? या महिन्याचे पगार निघणार नाहीत. आठ घरं आहेत माझ्यावर."

मी तिला म्हटलं की आज काही ठरवू नकोस. यापेक्षा शहाणं मला काही सुचलं नव्हतं. उपाय तिलाच सुचला, त्याच संध्याकाळी.

केंद्रात कुपनांची पद्धत पहिल्यापासून होती. पिवळ्या कागदाची छोटी वही घ्यायची, एका कुपनाला पाच पोळ्या. रोज सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून आम्ही म्हातारी माणसं महिन्याची एक वही घ्यायचो. मालकिणीनं काउंटरवर पाटी लावली, की जो दोन वह्या एकदम घेईल त्याला तिसरी अर्ध्या किमतीत. खाली लिहिलं, "बँकेमुळे अडचण आहे. मदत करावी." मी तिला म्हटलं, "अडचण आहे असं लिहू नकोस, लोक घाबरतात." ती म्हणाली, "काकू, खोटं लिहिलं तर जास्त घाबरतात." पाटी राहिली.

आणि लोकांनी वह्या घेतल्या! ज्यांना बँकेतून थोडेसेच पैसे मिळाले होते त्यांनीसुद्धा घेतल्या. किराणा दुकानदारानं पीठ उधारीवर दिलं. गाळ्याचे मालक इथल्या जुन्या घरातले आहेत. आपली इमारत उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या आजोबांची भातशेती होती. उरलेली जमीन रस्त्यात गेली, तिचे पैसे त्यांनी याच बँकेत ठेवले होते, म्हणजे त्यांचे आमच्यापेक्षा कितीतरी जास्त अडकले होते. भाडं लांबेल हे सांगायला मालकीण गेली तेव्हा मी सोबत होते. ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, "बाय, भारा काय पलून जातंय? दे सवडीनं. पोल्या बंद केल्यास तं मना कोन जेवाला घालंल? माजी सून नोकरीला जाते."

सुनेनं आतून आवाज दिला, "बाबा, ऐकू येतंय हा मला."

दोन महिने असे गेले. त्या काळात एक गंमत झाली. गल्लीत सुट्टे पैसे कमी पडायला लागले तसं कोणीतरी इस्त्रीवाल्याला पिवळं कुपन दिलं, आणि त्यानं घेतलं. त्याला संध्याकाळी पोळ्या लागतच होत्या. मग फुलवालीनं घेतलं, मग भाजीवाल्यानं. माझ्या हाराला एकदा अर्धं कुपन कमी पडलं तर फुलवाली म्हणाली, "असू दे, उद्या दोन पोळ्या जास्त द्या." आमच्या गल्लीत नव्या नोटा छापून झाल्या होत्या आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

मग छापखान्यातला पिवळा कागद संपला. छापखानेवाल्यानं न विचारता नव्या वह्या गुलाबी कागदावर छापून दिल्या. बस, एवढंच झालं.

तुम्ही लहान होतात आणि इथे नव्हतात, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सरकारनं मोठ्या नोटा बंद केल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही कागद रंग बदलून आला की माणसं जुना खपवायला धावतात. शनिवारी गुलाबी वह्या काउंटरवर आल्या. रात्रीपर्यंत सगळ्या इमारतींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच संदेश फिरत होता, की पिवळी कुपनं सोमवारपासून चालणार नाहीत, रविवारपर्यंत वापरून टाका.

रविवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले तर केंद्रापासून कोपऱ्यापर्यंत रांग. शटर अजून अर्धंच वर होतं. रांगेत मध्यावर तुमचे आजोबा, हातात अख्खी पिवळी वही.

"तुम्ही इथे काय करताय?"

"सगळे उभे आहेत."

"वहीभर पोळ्या घेऊन काय करणार आपण दोघं?"

"फ्रीजमध्ये ठेवू."

"फ्रीजमध्ये तुमचं इन्सुलिन आणि माझं लोणचं आहे. चला घरी."

ते हलले नाहीत. आयुष्यभर मी सांगितलेलं बरंचसं त्यांनी ऐकलं, पण रांगेतली जागा सोडणं त्यांना कधी जमलं नाही.

आत मावशी आणि बाकीच्या बायका लाटत होत्या. मालकीण पिठाचे डबे उघडून बघत होती. तिनं हळू आवाजात मला सांगितलं, "काकू, बाहेर जेवढी कुपनं आहेत तेवढ्या पोळ्या आम्ही आठवडाभर दिवसरात्र लाटल्या तरी होणार नाहीत. पीठही नाही तेवढं. आज कोणाला परत पाठवलं तर उद्या सगळे पैसे मागतील. पैसे पगारात आणि पिठाच्या उधारीत गेलेत." मी जन्मभर ठाण्याच्या एका विमा कार्यालयात काम केलं. दोन महिन्यांपूर्वी आमच्या बँकेच्या दारात जे घडलं होतं तेच आता पोळ्यांचं होतंय, हे मला स्वच्छ दिसलं. कुठल्याच बँकेत सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी द्यायला नसतात. पोळ्याही नसतात.

मावशींनी लाटणं न थांबवता सांगितलं, "ताई, घराला पाच. आज घराला पाचच. बोला बाहेर जाऊन."

मालकिणीनं मलाच पुढे केलं, म्हणून मी काउंटरशी उभी राहिले. पिवळी कुपनं चालतात आणि चालत राहतील, रंग छापखान्यानं बदलला आहे, आज घरटी एक कुपन, असं मी मोठ्यानं सांगितलं. एकच गलका झाला. त्यात रांगेत पुढेच दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते, जे त्याच बंद पडलेल्या बँकेत क्लार्क आहेत. त्यांना पाहून समोरच्या इमारतीतल्या एक बाई कडाडल्या, "अगं बाई, हे बघा कोण रांगेत! आमच्या पैशांना कुलूप लावून आता पोळ्या काढायला आले."

"वहिनी, मर्यादा मी नाही हो घातली. ऑर्डर आलेली."

"मग ही पण ऑर्डरच समजा. पाच घ्या आणि सरका पुढे."

"आमच्याकडे आई पण आहे."

"आमच्याकडे पण पैसे होते!"

सगळे हसले, आणि ते क्लार्कही हसले. पण रांग काही कमी होईना, आणि आतल्या बायकांचे हात भरून आले होते. तेव्हा त्या कडाडणाऱ्या बाईच रांग सोडून घरी गेल्या. मला वाटलं, भांडायला माणसं घेऊन येतील. त्या पोळपाट-लाटणं घेऊन आल्या. "सरका गं," म्हणत ओट्याच्या टोकाला उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून आणखी एक आली, मग आणखी तिघी. कोणी घरचं पीठ डब्यासकट आणलं. माझे गुडघे उभं राहू देत नाहीत म्हणून मी स्टुलावर बसून कणीक मळली. मावशींनी एकीची पोळी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "हिला तेल जास्त. घरी चालंल, इथं नाय चालायचं." त्या बाई पदवीधर आहेत आणि गावातल्या निम्म्या समित्यांवर आहेत, पण त्यांनी मुकाट्यानं तेल कमी केलं.

दुपारपर्यंत एक बदल मला जाणवला. आत तवे भरलेले आहेत, पोळ्या फुगतायत आणि पुढे येणाऱ्याला मिळतायत, हे दिसायला लागलं तशी शेवटची माणसं आपण होऊन निघून जायला लागली. "उद्या येतो, गर्दी आहे," म्हणून गेली. पोळ्या मिळणार हे कळलं तेव्हा कोणाला त्या आजच नको होत्या. तुमचे आजोबा पाच पोळ्या घेऊन विजयी मुद्रेनं वर गेले. त्या रविवारी केंद्र वाचलं ते कोणा एकामुळे नाही, आणि मी आजही त्या सगळ्या बायकांची मनोमन ऋणी आहे. त्यातल्या एकीशी पार्किंगवरून आमचं बोलणं बंद होतं, तेही त्या दिवसापासून सुरू झालं.

पण कुपनांचे पैसे खर्च झाले होते आणि पोळ्या देणं बाकी होतं. म्हणजे पुढचे काही महिने पोळ्या जाणार, पैसे येणार नाहीत. पगार कुठून द्यायचे? सोमवारी दुपारी काम आटोपल्यावर मावशी मालकिणीसमोर बसल्या. मीही तिथे होते.

"ताई, आम्ही बोललोय आपसात. पगार अर्धा द्या, बाकी थांबवा. चालवू आम्ही. पण फुकट नाय थांबवायचा."

"व्याज देईन मी, मावशी."

"व्याज नको. भागीदार करा."

 मालकीण म्हणाली, "मावशी, हे मी उभं केलंय. एकटीनं."

"तुम्हीच केलं. कोण नाय म्हणतंय? पण काल बुडत होतं ते कोणी धरलं? आमची उल्हासनगरची पतपेढी बुडाली तवा माझ्या पोरीच्या लग्नाचे गेले. कोण नाय आलं. तवाच ठरवलं, जिथं पैसा अडकंल तिथं आपला पण हात पायजे."

मालकीण रात्री वर आली आणि रडली. तिला वाटलं, अडचणीत पकडलं आपल्याला. मला ते तसं वाटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. जगात जिथे जिथे सरकारनं बुडणाऱ्या कंपन्या वाचवल्या, तिथे अनेकदा हेच झालं आहे. पैसे घालायचे तर हिस्सा द्या. जिथे हिस्सा घेतला नाही तिथे लोकांनी नंतर विचारलं, की आमचे पैसे घालून तुम्ही नेमकं कोणाला वाचवलंत? मावशींनी तो प्रश्न आधीच विचारून घेतला होता. मालकीण म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांच्या बाजूनं आहात." मी म्हटलं, "मी पोळ्यांच्या बाजूनं आहे." चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. पाचव्या दिवशी नोटरीचा पत्ता विचारायला आली.

भागीदारीचा कागद झाला. मालकिणीचा हिस्सा मोठा राहिला, पण सुट्ट्या, भाव आणि मोठ्या ऑर्डरी यांवर प्रत्येकीचं एक मत, असं ठरलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी बँकेचा बेलआउट झाला, म्हणजे धाकटीला हवा आहे तो. ठेवींच्या विम्यातून मर्यादेपर्यंतचे पैसे आम्हाला मिळाले आणि आमची बँक एका मोठ्या बँकेत मिसळली. आमचे पैसे जवळजवळ सगळे परत आले. मोबाइलवर संदेश वाजला तेव्हा आजोबांनी तो मला तीनदा वाचून दाखवला. पण हे पैसे आले कुठून, हा विचार माझ्या मनातून जाईना. त्या विम्याचा हप्ता देशातली प्रत्येक बँक भरते, म्हणजे शेवटी तिथे पैसे ठेवणारी माणसं भरतात. नागपूरच्या, कोल्हापूरच्या, कधी न पाहिलेल्या कितीतरी माणसांच्या पैशातला बारीकसा भाग आमच्या औषधांना आला. त्यांना आभाराचं पत्र लिहावं तर पत्ता नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

सगळ्यांचं सारखं भलं झालं नाही, तेही लिहायला हवं. कर्जदार म्हणून मालकिणीला बँकेचे शेअर घ्यावे लागले होते, त्यांची किंमत शून्य झाली. गाळ्याच्या मालकांचे विम्यापलीकडचे पैसे हप्त्याहप्त्यानं मिळणार आहेत, वर्षानुवर्षं. ते म्हणतात, "जमीन सरकारनं घेतली, पैसं बँकेनं घेतलं, आता सरकार बँकेला वाचवतंय. मना कोन वाचवतंय?" मावशींच्या पतपेढीला विमा नव्हता, तिथलं काहीच आलं नाही. आणि स्टेशनच्या रस्त्यावर मात्र फ्लेक्स लागले. एका पक्षाचा, की आमच्या पाठपुराव्यामुळे ठेवी परत. त्याच्या वर दुसऱ्या पक्षाचा, तोच मजकूर, जास्त मोठ्या अक्षरांत. वरच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात आमच्याच बँकेच्या एका माजी संचालकांचा हसरा फोटो होता. पालिकेची निवडणूक जवळ आली होती.

त्यातल्या एका पुढाऱ्यांचा जाहीर सत्कार ठरला आणि कार्यक्रमाला पोळीभाजी आपल्या केंद्राकडून हवी, असा निरोप घेऊन त्यांचा कार्यकर्ता आला. "पैशांचं काय ते नंतर बघू, वहिनी. साहेबांनी बँक वाचवलीय तुमची." मालकीण द्यायला तयार होती. ती मनापासून कृतज्ञ होती, आणि थोडी घाबरलेलीही. तिनं त्याला उद्या या म्हटलं, आणि दुपारी सगळ्या जणी बसल्या. एवढी मोठी ऑर्डर, म्हणजे मत घ्यायलाच हवं होतं. मला चहा करायला बोलावलं होतं, म्हणून मी ऐकलं.

"फुकट देऊ या," मालकीण म्हणाली. "उपकार झालेत."

आंबिवलीची एक तरुण बाई म्हणाली, "उपकार झाले तर आपण आभार मानू ना. भाषणात टाळ्या वाजवू. पीठ कशाला फुकट?"

"फ्लेक्सवरच्या त्या संचालकाला पण खायला घालायचं का आपण?" आणखी एकीनं विचारलं.

बोलणं वाढलं. मालकीण एकटी पडली आणि तिचा आवाज चढला. मग मावशी बोलल्या. "निम्मे पैसे आधी. निम्मे त्या दिवशी, पोळ्या उतरवायच्या आधी. आणि तूप आपल्याकडून. पैसे आले ते खरं हाय, कोणी का आणले असंनात. कोरड्या पोळ्या नाय द्यायच्या."

सगळ्यांचे हात वर झाले. मालकिणीनं सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि शेवटी तिचाही झाला.

दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता आला तेव्हा आतल्या सगळ्या जणी लाटत लाटत काउंटरकडे कान लावून होत्या. मालकिणीनं भाव सांगितला, आगाऊ रक्कम सांगितली. तो म्हणाला, "वहिनी, साहेबांना असं सांगू मी?"

"सांगा ना. आणि हेही सांगा, की तूप आमच्याकडून आहे."

"तुम्ही मालकीण आहात, तुम्ही ठरवलंत तर..."

"मी एकटी नाही ठरवत आता," ती म्हणाली, आणि मागे वळून विचारलं, "साजूक ना, मावशी?"

"साजूक," आतून आवाज आला. "आणि वाढताना हात आखडू नका म्हणावं."

त्यानं खिशातून पाकीट काढलं.